मॉट स्ट्रीटवरचे आर्केड

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात चायनाटाऊन ही चिनी स्थलांतरितांची जुनी वस्ती असून, तेथील ८ मॉट स्ट्रीट या पत्त्यावर १९४४ साली ‘चायनाटाऊन फेअर’ नावाचे करमणुकीचे दालन सुरू झाले. अशा दालनांना त्या काळी पेनी आर्केड म्हणत, कारण तेथील यंत्रांत एक सेंटचे, म्हणजे पेनीचे, नाणे टाकले की थोडा वेळ मौज पाहायला किंवा खेळायला मिळे; पुढे नाण्याची किंमत वाढली, लाकडी यंत्रे जाऊन पडदे आले, परंतु ‘आर्केड’ हे नाव मागे राहिले. दालन उघडले तेव्हा शहरात पिनबॉल या खेळावर बंदी होती. उतरत्या फळीवरून घरंगळणाऱ्या लोखंडी गोळीचा हा खेळ म्हणजे नशिबावर चालणारा जुगारच आहे, अशी महापौर ला ग्वार्डिया यांची धारणा होती आणि १९४२ साली त्यांनी तो बंद पाडून पोलिसांकरवी यंत्रे फोडविली होती. ही बंदी १९७६ साली उठली, तीही एका प्रात्यक्षिकामुळे. रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखविले, गोळी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगितले आणि ती तशीच नेली. नाणे टाकून मिळते ते नशीब की कसब, हा वाद त्या दिवशी कायद्यापुरता मिटला. चायनाटाऊन फेअरच्या पुढच्या इतिहासात मात्र तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिला.

व्हिडिओ गेम येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही बराच काळ या दालनाची कीर्ती कोंबड्यांमुळे होती. एक कोंबडी नाणे पडताच नाचे आणि दुसरी गिऱ्हाइकांशी फुली-गोळा खेळे. तिला हरवणाऱ्यास फॉर्च्युन कुकीजची, म्हणजे आत भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांची, पिशवी मिळे. ती फारच थोड्यांच्या पदरी पडली, कारण खेळी प्रत्यक्षात पडद्यामागील यंत्र ठरवी आणि कोंबडी केवळ दाण्याच्या आशेने चोच मारी. प्राण्यांना असे शिकविण्याचे तंत्र मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी असलेल्या ब्रीलंड दांपत्याने अर्कान्सास राज्यात व्यवसायाच्या पातळीवर नेले होते. विनोदी लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी १९९९ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या कोंबडीच्या गायब होण्यावर लेख लिहिला, यावरून शहराच्या मनात तिला किती जागा होती ते कळते. त्याच दालनाच्या आतल्या बाजूला, कोंबडी पाहायला आलेल्या प्रवाशांचे लक्षही जात नसे अशा अंधाऱ्या भागात, तोपर्यंत एक वेगळाच समाज तयार झालेला होता.

त्या समाजाचे मूळ १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या यंत्रात आहे. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, तिच्यात तिरपा बसविलेला पडदा आणि खाली दोन खेळाडूंसाठी शेजारी-शेजारी मांडलेल्या कळा, अशी या यंत्राची रचना होती. अशा पेटीला कॅबिनेट म्हणतात. प्रत्येक खेळाडूला आठ दिशांना हलणारी एक दांडी, म्हणजे जॉयस्टिक, आणि सहा बटणे मिळत. त्यांतील तीन ठोशांची व तीन लाथांची, आणि प्रत्येक तिघांत हलका, मध्यम व जोरकस असा क्रम असे. आठ लढवय्यांपैकी एक निवडायचा आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, एवढाच वरवरचा नियम होता. खोली होती ती दांडीच्या हालचालींत. दांडी खाली, मग तिरकी पुढे, मग पुढे अशी सलग फिरवून ठोशाचे बटण दाबले की पडद्यावरचा र्‍यू हातातून ऊर्जेचा गोळा फेकी, आणि ही हालचाल सुरुवातीला यंत्रावर पूर्ण समजावलेली नसल्याने ती एकाने दुसऱ्याला दाखवावी लागे. एका फटक्यातून दुसरा फटका काढत प्रतिस्पर्ध्याला सावरूच न देण्याची जी करामत पुढे ‘कॉम्बो’ या नावाने या खेळप्रकाराचा कणा बनली, ती तर निर्मात्यांनी योजलेलीही नव्हती. मोटार फोडण्याच्या जादा फेरीतील दोष तपासताना नोरिताका फुनामिझु यांना ती आढळली आणि कोणास साधेल असे न वाटल्याने ती तशीच राहू दिली गेली. खेळाडूंनी ती काही काळातच साधली.

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरांत रमलेल्या मराठी वाचकांना कॅपकॉम हे नाव आठवले नाही तरी ‘मुस्तफा’ नक्की आठवेल. त्यातील एका पात्राच्या नावाने आपल्याकडे ओळखला गेलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा १९९३ चा खेळ याच कंपनीचा होता. तेथे मात्र दोघे-तिघे मित्र एका बाजूने यंत्राच्या गुंडांना बडवीत; मॉट स्ट्रीटवरचे नाते याच्या उलट, शेजारी उभ्या असलेल्यालाच हरविण्याचे होते. मैत्री पहिल्या प्रकारात जमावी आणि दुसऱ्यात तुटावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकाराने जी बिरादरी घडविली ती कितीतरी टिकाऊ ठरली, आणि त्याचे कारण खेळाडूंच्या स्वभावापेक्षा नाण्याच्या नियमात शोधावे लागते.

हा नियम साधा होता: जिंकणारा यंत्रावर राहील, हरणारा बाजूला होईल आणि पुन्हा खेळायचे तर नवे नाणे टाकील. मालकाच्या दृष्टीने ही गल्ला वाढविण्याची युक्ती होती, कारण दोघांच्या लढतीत दीड-दोन मिनिटांत कोणीतरी हरतेच आणि एकट्याने यंत्राशी खेळत बसणाऱ्यापेक्षा त्यात नाणी भराभर पडतात. पुढचा डाव आपला, हे सांगण्यासाठी खेळाडू पाव डॉलरचे नाणे पडद्याच्या काचेखालच्या कडेवर ठेवीत. कडेवर जितकी नाणी तितकी माणसे रांगेत, आणि कोणते नाणे कोणाचे याविषयी सहसा तंटा होत नसे. या व्यवस्थेत चांगला खेळाडू एका नाण्यावर तासभर उभा राही व कच्चा खेळाडू तेवढ्याच वेळात खिसा रिकामा करी, म्हणून प्रत्येक पराभवाला शब्दशः किंमत होती. फुकटचा पराभव माणूस विसरतो. पैसे मोजून झालेला पराभव त्याला रांगेत उभे राहून विचार करायला लावतो. रांगेतल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत जे बोलणे होई, म्हणजे अमुक लाथ कशी अडवायची, तमुक खेळाडू घाबरला की नेहमी उडी मारतो, तेच या समाजाचे खरे शिक्षण होते. तालमीत उस्ताद जसा पोराला खाली घेऊन मग डाव समजावतो, तसेच येथेही हरविणाराच बहुधा पहिला शिक्षक असे, कारण एकच एक खेळ खेळणाऱ्या कच्च्या प्रतिस्पर्ध्यांचा कंटाळा सर्वांत आधी त्यालाच येई.

अमेरिकी कॅबिनेटच्या रचनेचाही यात वाटा होता. जपानमधील खेळघरांत दोन बसकी यंत्रे पाठीला पाठ लावून जोडण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे समोरचा खेळाडू दिसत नसे आणि अनोळखी माणसाला न पाहता आव्हान देता येई. न्यूयॉर्कमध्ये मात्र दोघांचे खांदे एकमेकांना लागत, प्रतिस्पर्ध्याच्या बटणांचा आवाज ऐकू येई, आणि मागे उभी असलेली गर्दी प्रत्येक फटक्यावर शेरे मारी. अशा ठिकाणी उद्धटपणा करता येतो, परंतु तो करून नाहीसे होता येत नाही. भुयारी रेल्वेने ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्समधून येणारी कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व चिनी वंशाची मुले येथे बहुतेक टोपणनावांनीच ओळखली जात. एकमेकांचे आडनाव किंवा घर माहीत नसताना हाताची ढब मात्र अचूक माहीत असे. घर सोडून आलेल्या मुलांनाही रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या या दालनाचा आधार वाटे, आणि मालक सॅम पामर यांनी अशांपैकी काहींना कामावर ठेवल्याची नोंद या दालनावरील ‘द लॉस्ट आर्केड’ या २०१५ च्या माहितीपटात आहे.

या समाजाचे सगळेच काही गोड नव्हते. प्रतिस्पर्ध्याने बचावाची भिंत धरली की त्याला पकडून आपटण्याची सोय खेळात होती, तिला थ्रो म्हणतात. पुष्कळ आर्केडांत ती वापरणे नामर्दपणाचे समजले जाई आणि त्यावरून हातघाईवर येण्याचे प्रसंगही घडत. खेळाने दिलेली चाल वापरणे गैर कसे, हा प्रश्न विचारणारे खेळाडू कालांतराने वरचढ ठरले. पुढे डेव्हिड सर्लिन या खेळाडू-लेखकाने स्वतःच घातलेल्या बेड्यांना सद्गुण मानणाऱ्या या वृत्तीची चिकित्सा करणारे पुस्तकच लिहिले. पिनबॉलच्या वेळचा कसबाचा वाद असा आता नगरपरिषदेऐवजी यंत्राभोवतीच्या घोळक्यात चालू होता. मुलींची संख्या मात्र तुरळकच राहिली, आणि त्याचे श्रेय बिरादरीच्या भाषेला व वागण्याला द्यावेच लागेल.

चायनाटाऊन फेअरने घडविलेल्या खेळाडूंत जस्टिन वाँग हे नाव सर्वांत मोठे. २००० साली आलेल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू’ या खेळात ५६ पात्रांतून तिघांचा संघ निवडायचा असे, आणि त्यात वाँग यांनी कुमारवयातच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दिग्गजांना नमविले. त्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील गोल्फलँड या आर्केडमध्ये, १९९६ साली टॉम व टोनी कॅनन या जुळ्या भावांनी मित्रांसह ४० खेळाडूंची ‘बॅटल बाय द बे’ स्पर्धा भरविली होती, आणि तीच २००२ पासून ‘इव्हो’ नावाने ओळखली जाऊ लागली. २००४ साली पोमोना येथे झालेल्या इव्होत ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’च्या एका लढतीत वाँग यांची गाठ जपानच्या दाइगो उमेहारा यांच्याशी पडली. उमेहारांच्या केन या पात्रात जेमतेम धुगधुगी उरली होती. नुसता बचाव केला तरी विशेष हल्ल्याचा जो किंचित मार लागतो तोही त्याला संपवायला पुरेसा होता. वाँग यांच्या चुन-लीने लाथांची दीर्घ माळ सोडली. या खेळात पॅरी नावाची एक चाल आहे: फटका पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी दांडी शत्रूच्या दिशेने ढकलली तर काहीही इजा होत नाही, पण क्षण चुकला तर फटका पुरता बसतो. पहिल्या लाथेसाठी हा अंदाज हल्ला नीट दिसण्यापूर्वीच बांधावा लागे. उमेहारांनी एकामागून एक सगळ्या लाथा पॅरी केल्या, शेवटची हवेत उडी घेऊन, आणि प्रतिहल्ल्याने फेरी जिंकली. चित्रफितीत सभागृह उसळते ते पाहून हा अंतिम सामना असावा असा पुष्कळांचा समज होतो. तो तसा नव्हता, आणि अंतिम सामन्यात उमेहारा केंजी ओबाता या देशबांधवाकडून हरले. प्रसिद्धी मात्र विजेत्याऐवजी या एका फेरीला मिळाली. तिचा अर्थ कळायला पॅरी म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते, आणि त्या सभागृहातील जवळजवळ प्रत्येकाने ती चाल फसल्याची किंमत कधीतरी नाण्यांत मोजलेली होती.

घरगुती यंत्रे आर्केडइतकीच सुबक चित्रे दाखवू लागल्यावर अमेरिकेतील दालने एकामागून एक बंद झाली. मॅनहॅटनच्या जागेचे भाडे आणि पाव डॉलरचे नाणे यांचा मेळ तर केव्हाच सुटला होता. चायनाटाऊन फेअर त्यातही तग धरून राहिले, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला खेळ घरी मिळत असला तरी प्रतिस्पर्धी घरी मिळत नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये तेही बंद झाले. पुढच्या वर्षी नव्या मालकाने ते पुन्हा उघडले, तेव्हा तिकिटे जमवून बक्षिसे घेण्याच्या खेळांचे ते सहकुटुंब करमणुकीचे ठिकाण झाले होते. जुने व्यवस्थापक हेन्री सेन यांनी दरम्यान ब्रुकलिनच्या सनसेट पार्क भागात ‘नेक्स्ट लेव्हल’ नावाची जागा काढली आणि बिरादरीतील बरीच मंडळी तिकडे गेली. तेथे नाण्याऐवजी प्रवेशशुल्क आणि उभ्या पेटीऐवजी खुर्च्या व मांडीवर ठेवायची कळपेटी आली. हरल्यावर जागा सोडण्याची रीत मात्र कोणी न सांगताच चालू राहिली.

दूर राहणाऱ्या मित्रांना इंटरनेटवरून खेळता यावे, ही गरजही याच घडामोडीतून आली. लढाईच्या खेळांत पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते व त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. जुन्या पद्धतीत दुसऱ्या खेळाडूची कळ तारेवरून पोहोचेपर्यंत दोघांचाही खेळ थांबवून ठेवला जाई, आणि काही फ्रेमांचा तो उशीर मुरलेल्या हातांना असह्य वाटे. २००६ साली इंटरनेटवर आलेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’च्या आवृत्तीने निराश झालेल्या टोनी कॅनन यांनी ‘जीजीपीओ’ नावाची प्रणाली लिहिली. दुसरा खेळाडू याआधी दाबत होता तेच दाबत असेल असे गृहीत धरून ती खेळ पुढे चालू ठेवते, आणि अंदाज चुकल्यास काही फ्रेम मागे जाऊन सगळे क्षणार्धात नव्याने मांडते. आज या प्रकारच्या बहुतेक खेळांत ही ‘रोलबॅक’ पद्धत वापरली जाते. तिने उशीर पुष्कळ झाकला. रांगेतील दहा-पंधरा मिनिटे तिच्या आवाक्याबाहेरच राहिली, कारण इंटरनेटवर हरलेल्याला पुढचा अनोळखी प्रतिस्पर्धी तत्काळ मिळतो आणि पहिल्याशी दोन शब्द बोलण्याचे कारण उरत नाही.

बिरादरीने आर्केडमधून सोबत नेलेली सर्वांत ठळक गोष्ट स्पर्धांच्या रचनेत सापडते. इव्होत पात्रता फेरी नाही. शुल्क भरणारा कोणीही भाग घेऊ शकतो, आणि दोनदा हरेपर्यंत त्याला बाद करीत नाहीत. व्यावसायिक खेळांच्या जगात हे विचित्रच म्हणावे लागेल, कारण प्रायोजकांना आणि प्रक्षेपण करणाऱ्यांना नामवंतांचीच लढत हवी असते. तरीही २०२३ साली लास वेगासमध्ये ‘स्ट्रीट फायटर सिक्स’साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे दिली, आणि कोणीही ओळखत नसलेल्या नवख्याची पहिलीच लढत एखाद्या माजी विजेत्याशी पडू शकेल अशाच रीतीने त्यांची मांडणी केली गेली.