लोकांचा कौल आणि आंकड्यांची साक्ष

अमेरिकेंत बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांतील निवडक खेळाडूंचा परस्परांशीं सामना होतो. त्याचा आरंभ १९३३ सालीं शिकागो येथें झाला. त्यांत प्रथम मैदानांत उतरणारे खेळाडू कोणीं निवडावे, हा प्रश्न मात्र वादाचा ठरला.

१९५७ सालीं ही निवड प्रेक्षकांच्या मतांवर होती. सिनसिनाटीच्या चाहत्यांनीं मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला कीं, चेंडू टाकणारा वगळतां नॅशनल लीगच्या आठ जागांपैकीं सात त्यांच्याच संघास मिळाल्या. तेव्हां खेळाचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनीं दोघांस काढून विली मेझ व हँक ॲरन यांस घेतलें. त्या हंगामांत ॲरनचे ४४ होमरन झाले. तितके दुसऱ्या कोणाचेही नव्हते. प्रेक्षकांचा मताधिकार मात्र गेला, तो १९७० सालीं परत मिळाला.

मग गुण पारखावा कसा? बेसबॉलची सरासरी क्रिकेटप्रमाणें धावांवरून काढीत नाहींत; यशस्वी फटक्यांस फटक्याच्या संधींनीं भागितात. दोघांनीं प्रत्येकीं १०० संधींत ३० फटके साधले, तर दोघे सारखेच दिसतात. परंतु टाकणाऱ्याचे चार वाईट चेंडू सोडून दिल्यास पहिला तळ आपोआप मिळतो, तो या सरासरींत धरीत नाहींत. असा तळ एकास २० वेळां व दुसऱ्यास ५ वेळां मिळाला असेल, तर पहिला १२० खेपांत ५० वेळां तळावर पोंचला, दुसरा १०५ खेपांत ३५ वेळां. सरासरीनें झांकलेला भेद असा उघड होतो.

कौल लोकांचाच असावा. पण मत देणाऱ्यानें आपल्या गांवच्या संघाचा अभिमान क्षणभर बाजूस ठेवून हा हिशेब पाहावा. तसें झाल्यास त्याचा अधिकार काढून घेण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.