यंत्र घरात आले, फुरसत कोणाच्या वाट्याला?

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी या पट्ट्यातील आपल्या कष्टकरी कुटुंबांच्या घरांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ वस्तू आल्या. स्टोव्ह गेला, गॅस आला. पाटा-वरवंटा दाराआड गेला, मिक्सर आला. टीव्ही, फ्रीज, कपडे धुण्याचे मशीन, आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल. ही प्रगतीच होय. परंतु वस्तू घेताना घरात चर्चा होते ती कंपनीची, किमतीची आणि हप्त्याची. या वस्तूमुळे घरातल्या कोणाचे रोजचे किती तास वाचणार आहेत, आणि ती वापरताना जिवाला धोका तर नाही ना, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तेच दोन प्रश्न आज आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

संध्याकाळच्या कल्याण लोकलच्या महिला डब्यात भगिनी भाजी निवडताना, शेंगा सोलताना दिसतात. त्याचे अनेकांना कौतुक वाटते. वास्तविक ती कौतुकाची गोष्ट नाही. दिवसभर नोकरी करून घरी परतणाऱ्या बाईला बसायला मिळते ते गाडीतच, आणि तो वेळही घरकामात जातो, असा त्याचा अर्थ आहे.

सरकारी आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पैसे न मिळणाऱ्या घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच ही सरासरी आहे. जे काडीही हलवीत नाहीत ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाचीही नऊ मिनिटे कमी झाली. म्हणजे दोघांमधले अंतर होते तिथेच राहिले.

फिनलंडमधील एक कपाट

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा छोटा देश आहे. तेथील स्त्रियांना १९०६ साली मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचा हक्क मिळाला आणि १९०७ साली १९ स्त्रिया संसदेत निवडून गेल्या. त्यांपैकी एक हेडविग गेब्हार्ड. त्यांची मुलगी माइयू गेब्हार्ड हिने पुढे कामाच्या पद्धतीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत घरकाम विभागाची जबाबदारी सांभाळली. या बाईने प्रथम काय केले, तर मोजमाप. एक गृहिणी आयुष्यातले सुमारे ३० हजार तास भांडी घासण्यात आणि पुसण्यात घालवते, असा तिचा हिशेब निघाला.

आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून हा आकडा आम्ही आपल्या पद्धतीने मांडून पाहिला. रोज दोन तास धरले तर ४१ वर्षांत जवळपास ३० हजार तास होतात. रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले, तर ही साडेबारा वर्षांची नोकरी झाली. बिनपगारी, बिनरजेची, आणि शेवटी ना फंड ना ग्रॅच्युइटी!

मोजमाप झाल्यावर माइयूबाईंनी १९४४-४५ च्या सुमारास भांडी वाळविण्याचे कपाट तयार केले. त्यात वीज नाही, मोटर नाही. मोरीच्या वर भिंतीला लावायचे कपाट, त्याला तळ नाही, फळ्यांच्या जागी जाळी किंवा दांड्या. धुतलेले ताट सरळ त्यात उभे करायचे. पाणी खाली मोरीत निथळते, वारा भांडे वाळवतो. पुसणे नाही, पुन्हा उचलून मांडणे नाही. आज फिनलंडच्या बहुतेक स्वयंपाकघरांत हे कपाट असते.

भगिनींनो, हे वाचून आपल्याला आपली स्टीलची मांडणी आठवली असेल. ताटांच्या खाचा, वाट्यांचे कप्पे, चमच्यांचा डबा, सगळे तेच! फरक एवढाच की, आपली मांडणी बहुधा शोभेसाठी समोरच्या भिंतीवर असते आणि मोरी दुसऱ्या कोपऱ्यात. मग भांडी घासायची, टोपलीत निथळायची, फडक्याने पुसायची आणि नंतर मांडायची. हीच मांडणी मोरीच्या किंवा सिंकच्या वर आणली तर दोन कामे कमी होतात. शिवाय दिवसभर ओले राहिलेले फडके भांड्यांवरून फिरविण्यापेक्षा वाऱ्यावर वाळलेले भांडे अधिक स्वच्छ असते. खर्च फक्त चार मजबूत स्क्रूंचा. भरलेली मांडणी जड असते, म्हणून भिंत पक्की आहे याची खात्री मात्र करून घ्यावी.

बाबासाहेबांची दृष्टी

यंत्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे आपल्याला बाबासाहेबांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना, यंत्र नको म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले. माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवून फुरसत देते ते यंत्र, आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. यंत्रामुळे जे वाईट घडते त्याचा दोष यंत्राकडे नसून समाजाच्या चुकीच्या रचनेकडे जातो, असा त्यांचा आशय होता. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४२ ते १९४६ या काळात, विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता आणि देशाला स्वस्त व मुबलक वीज मिळावी यासाठी त्यांनी योजना आखल्या.

आता हाच विचार घराला लावून पाहावा. मशीन आणले, एक तास वाचला. तो तास जर 'आता चार पाहुण्यांचे जेवण तूच कर' म्हणून पुन्हा तिच्याच अंगावर पडत असेल, तर दोष मशीनचा नाही, घराच्या रचनेचा आहे.

आधी वही, मग खरेदी

आमची पहिली सूचना अशी की, कोणतीही मोठी वस्तू घेण्यापूर्वी सात दिवस एक वही ठेवावी. पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी आणि कपडे असे चार रकाने आखावेत. कोणी किती वेळ काम केले ते रोज रात्री लिहावे, आणि हे लिखाण मुलांकडून करून घ्यावे. ज्या रकान्यात सर्वांत जास्त तास, तिथे पहिला पैसा खर्च करावा. अनेक घरांत टीव्ही मोठा होत जातो आणि मोरीत साधा नळ नसतो. पिंपाला नळ बसवून घेतला तर वाकून पाणी काढण्याचा शीण वाचतो, हेही तंत्रज्ञानच आहे.

कपड्यांच्या मशीनचा निर्णय पाण्याच्या वेळेवरून घ्यावा. ज्यांच्याकडे इमारतीची टाकी आहे आणि नळाला दिवसभर जोर आहे, त्यांनी पूर्ण ऑटोमॅटिक घ्यावे. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येते तिथे सेमी-ऑटोमॅटिक बरे. त्यात बादलीने पाणी ओतता येते आणि साबणाचे पाणी मळक्या कपड्यांच्या दुसऱ्या खेपेलाही चालते.

स्वयंपाकात सर्वांत जास्त वेळ वाचविणारी वस्तू म्हणजे कुकर. हॉकिन्स कुकरचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. डाळ आधी भिजवावी. डाळ, भात आणि बटाटे वेगवेगळ्या डब्यांत ठेवून एकाच वेळी शिजवावेत. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. मोठ्या आचेवर फक्त गॅस वाया जातो. झाकणाचे रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्यावेत. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह असणे २०२१ पासून सक्तीचे आहे, ते पाहूनच कुकर घ्यावा.

विजेचा हिशेब

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. तो रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे. नव्या बीएलडीसी पद्धतीचा पंखा तीसएक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला ११ युनिटे. घरात असे दोन पंखे असतील तर महिन्याला ३२ युनिटे वाचतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांनंतर दर चढतो. टप्पा ओलांडण्याच्या बेतात असलेल्या घराला या बचतीचा दुप्पट उपयोग. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचे लेबल बंधनकारक आहे. जास्त तारे म्हणजे कमी वीज, हे ध्यानात ठेवावे.

पाणी तापविण्याचा १५०० वॅटचा रॉड वीस मिनिटांत अर्धे युनिट खातो आणि तेवढ्यात एक बादली पाणी आंघोळीजोगे तापते. मात्र पाणी तापले का हे पाहण्यासाठी बटण चालू असताना पाण्यात बोट घालू नये. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि नंतरच हात. लहान मुले असतील तर रॉड लावून दुसऱ्या कामाला जाऊ नये.

जिवापेक्षा स्वस्त काही नाही

पुष्कळांचा समज असा की, घरात एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. हा समज चुकीचा आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचविणारे साधन वेगळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी नसेल, म्हणजे कुणाच्या अंगातून ती जमिनीत जात असेल, तर हे साधन डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे आणि परवानाधारक वायरमनकडूनच बसवावे. त्यावर तपासणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज गेली तर साधन ठीक आहे असे समजावे. मोरीजवळ मशीन, गिझर किंवा मोटर आहे त्या घरात तर टीव्हीच्या आधी याचा विचार व्हावा. प्लगची जाड तिसरी पिन अर्थिंगसाठी असते. ती तोडून प्लग बसविणे म्हणजे संकटाला घरी बोलावणे होय.

गॅसच्या बाबतीतही तेवढीच दक्षता हवी. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळील पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ही सिलिंडरच्या चाचणीची मुदत होय. ती उलटलेला सिलिंडर घेऊ नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणून शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. वास आला तर दिव्याचे बटण चालू वा बंद काहीही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवू नये. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही.

हप्ता आणि हजेरी

'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली की प्रोसेसिंग फी किती आणि रोखीत किंमत किती, हे दोन आकडे लिहून मागावेत. सर्व हप्ते आणि फी यांची बेरीज रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. जमल्यास बचत गटातून पैसे जमवून रोखीने घ्यावे. पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड एका पाकिटात ठेवावे.

शेवटची गोष्ट पुरुषांसाठी. कुकर लावणे, मशीन चालविणे, मांडणीत ताटे उभी करणे यांत स्त्रीनेच करावे असे काहीही नाही. मुलगा दहावीला असो की वडील निवृत्त झालेले असोत, वहीच्या चार रकान्यांत त्यांच्याही नावाची रोज हजेरी लागली पाहिजे. वाचलेल्या तासात घरच्या बाईने वाचावे, शिकावे, सभेला जावे, किंवा नुसते स्वस्थ बसावे. तो तास तिचा आहे. महिला मंडळांनी एका रविवारी आपल्या वस्तीतील घरोघरी जाऊन नळ्यांची मुदत आणि आरसीसीबीची तपासणी करावी, असे आम्ही सुचवितो. एका वायरमनला सोबत घेतले तर वीस घरांचे काम एका दिवसात होईल.

जयभीम!