माळवद गेले, स्लॅब आला. पण पेलणार कसा?

'घर पाहावे बांधून' असे वडीलधारी माणसे म्हणत आली. पूर्वी त्यात दगदगीचा भाग जास्त होता. आता दगदगीपेक्षा पैशाचीच धास्ती जास्त वाटते.

बीडहून मांजरसुंब्यामार्गे पाटोद्याकडे निघाले की बालाघाटावर लिंबागणेश लागते. गणपतीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे हे गाव. या मुलखातले जुने घर म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. दगड जवळचा, माती गावची, मदतीला भावकी. खर्च नव्हता असे नाही. पण रोख पैसा फार थोड्या गोष्टींना लागे.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. जड माळवदे आणि दगडी भिंती झोपलेल्यांच्याच अंगावर कोसळल्या. जुन्या घराची भीती मराठवाडाभर बसली, आणि ती अनाठायी नव्हती. पण सिमेंट, सळई, वाळू, विटा यांतले काहीच गावच्या शिवारात पिकत नाही. सारे वाहनातून येते आणि रोखीने घ्यावे लागते. घर महागले ते केवळ भाव वाढले म्हणून नव्हे, तर फुकटचे सामानही विकतचे झाले म्हणून.

घरकुलाचाच हिशेब मांडून पाहा. २०१६ साली पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरले; २०२४ मध्ये योजना वाढवतानाही तेच ठेवले गेले. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला ४४६ रुपये पडतात. एवढ्यात घर बांधून दे म्हटले तर गवंडी हसेल! ढोबळ मानाने एवढ्या घराला शंभरेक गोण्या सिमेंट आणि टनभर सळई लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीचा भाव ३०० रुपये धरला तर गोणीमागे ३० रुपये वाचतात. शंभर गोण्यांचे तीन हजार. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत मोफत वाळू देण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. पण नदीपासून घाट चढवून आणायचे भाडे कोण देणार?

मग उरलेला पैसा येतो कोठून? बीडच्या कितीतरी घरांत तो मुकादमाच्या उचलीतून येतो. घर उन्हाळ्यात उभे राहते आणि त्याचे कर्ज फिटते ऊसतोडीच्या फडात. नवरा-बायको सहा महिने कोपीत राहतात, ते गावाकडच्या स्लॅबसाठी.

अशा वेळी काटकसर कोठे करायची, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. आधी एकच खोली बांधावी, गिलावा थांबवावा, दर्शनी कठडा सोडून द्यावा. पण पाया आणि भिंतींभोवतीचा काँक्रीटचा भूकंपपट्टा यांत हात आखडू नये. फरशी पुढच्या वर्षीही बसवता येते. पट्टा मागाहून घालता येत नाही.