माकडताप गाठायचा तो पहिल्या आठवड्यात

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची धास्ती सुरू होते. 2016 मध्ये केर गावात हा आजार आढळला, पुढच्या वर्षी बांदा परिसरात त्याने डोकं वर काढलं. रक्ताचे नमुने पुण्या-मणिपालला धाडायचे आणि अहवालाची वाट बघायची, असा तेव्हाचा शिरस्ता. ही चाचणी तालुक्यातच का होऊ नये?

होऊ शकते, आणि त्यासाठीचं यंत्र शेजारच्या गोव्यात बनतं. मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर माकडतापाची चाचणी बसवून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ती पारखून घेतली आहे. यंत्र बॅटरीवर चालतं. रसायनं वाळवलेल्या रूपात येतात, त्यामुळे त्यांना डीप फ्रीझर लागत नाही. रक्तातून वेगळ्या काढलेल्या आरएनएचे जेमतेम सहा मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाचा आठवा हिस्साही नाही, एका चिपवर सोडायचे. त्यातल्या विषाणूच्या खुणेच्या प्रती दर फेरीला दुप्पट होत जातात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर! तासाभरात उत्तर हाती.

माझ्या मते खरी करामत त्याच्याही आधीची आहे. हा विषाणू इतका घातक, की जिवंत विषाणू हाताळायला कडेकोट प्रयोगशाळाच हवी. इथे रक्त आधी अशा द्रावणात मिसळतात, की विषाणू फुटून निकामी होतो आणि तपासण्यापुरता आरएनए शिल्लक राहतो. छोट्या दवाखान्यात ही चाचणी शक्य होते ती त्यामुळे.

पण यंत्राच्या कौतुकात 1957 विसरू नये. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा भारतात पीतज्वर शिरला की काय, ही भीती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नवाच, म्हणजे माकडतापाचा, विषाणू शोधला आणि तो गोचिडीतून पसरतो हे दाखवलं. त्याचे नातलग रशियात सापडत असल्याने संशय स्थलांतरित पक्ष्यांवरही गेला आणि थेट पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या, पक्ष्यांच्या पायात कडी घालून माग काढण्याच्या मोहिमेला बळ मिळालं! पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. मात्र या साऱ्याची पहिली वर्दी दिली होती मेलेल्या माकडांनी.

आजही वेळेवर मिळालेली वर्दी तितकीच मोलाची आहे. कारण विषाणू रक्तात भरपूर असतो तो तापाच्या पहिल्या आठवड्यात. नंतर प्रतिपिंडं शोधावी लागतात. दहाव्या दिवशी आलेल्या रुग्णाची ही चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, म्हणून माकडताप नाहीच, असं म्हणता येत नाही. या आजारावर हमखास औषध नाही. पण निदान वेळेत झालं तर रक्तस्रावावर नजर ठेवता येते आणि कोणत्या बागेत गोचीड आहे हे ओळखून बाकीच्यांना सावध करता येतं.

म्हणून यंत्राइतकाच खर्च आणि मान गावातल्या आशा स्वयंसेविकांच्या घरभेटींनाही मिळायला हवा. बागेतून आलेल्या माणसाला ताप भरला की दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला जावं आणि मेलेलं वानर दिसलं की त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं, ही सवय वाडीवाडीत रुजली, तरच गोव्यातली ती चिप दोडामार्गात जीव वाचवेल.