लोखंडात उरलेलं विरजण

मॉरिस मायनर ही अलेक इसिगोनिस यांनी घडवलेली छोटी इंग्लिश गाडी 1948 साली आली आणि 1971 पर्यंत बनत राहिली. आपल्या अँबॅसडरचं मूळ असलेली मॉरिस ऑक्सफर्ड तिच्याच घराण्यातली. मायनर आजही अनेकांनी जपून ठेवली आहे. तिची बॅटरी वारंवार उतरायला लागली की बॉनेटखाली शोध सुरू होतो, आणि तो थेट एकोणिसाव्या शतकातल्या एका विलक्षण शोधापर्यंत जाऊन पोचतो.

या गाडीत अल्टरनेटर नाही, ल्यूकस कंपनीचा डायनॅमो आहे. फॅन बेल्टवर फिरणारं काळं नळकांडं. आत आर्मेचर फिरतं, भोवती फील्ड कॉइल असते. वीज तयार व्हायला चुंबक हवा, आणि इथला चुंबक विजेवर चालणारा. म्हणजे वीज हवी तर चुंबक हवा, चुंबक हवा तर वीज हवी. मग सुरुवात होते कुठून?

उत्तर लोखंडात आहे. काल गाडी बंद केली तेव्हा कॉइलच्या आतल्या लोखंडी ठोकळ्यांत थोडंसं चुंबकत्व उरलं, अगदी विरजणापुरतं. आज आर्मेचर फिरलं की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर एक-दोन व्होल्ट तयार होतात. ते फील्ड कॉइलमध्ये जातात, चुंबक थोडा बळावतो, व्होल्ट वाढतात, चुंबक आणखी बळावतो. क्षणात सगळं दूध विरजतं! वेर्नर फॉन सीमेन्स यांचा यावरचा निबंध जानेवारी 1867 मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे वाचला गेला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत चार्ल्स व्हीटस्टन यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं.

दुरुस्तीची सगळी युक्तीही इथेच आहे. बेल्ट ढिला नाही ना, हे आधी पाहून घ्यावं. निम्मी दुखणी तिथेच संपतात. मग डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढाव्यात. मोठं टोक डी, छोटं एफ. डी आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावून इंजिन जरा वेगात ठेवावं. मीटर काट्याचा असेल तर उत्तम, कारण डिजिटल मीटरचे आकडे ठिणग्यांनी नाचतात. साधारण दीड ते तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. फील्ड कॉइल जोडलेलीच नाही, म्हणजे हे व्होल्ट निव्वळ त्या उरलेल्या चुंबकत्वाचे. लोखंडाची स्मृती काट्यावर वाचता येते, याचं मला दर वेळी नवल वाटतं. शिवाय हा एवढासा आकडा आर्मेचर आणि त्यातली वीज बाहेर आणणारे कार्बन ठीक असल्याचंही सांगून जातो.

आता डी आणि एफ तारेने एकत्र जोडून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. व्होल्ट झरझर चढतात. वीसच्या पुढे जाऊ देऊ नयेत. चढलेच नाहीत तर दोष फील्ड कॉइलमध्ये. चढले तर डायनॅमो निर्दोष, पुढचा शोध वायरी आणि कंट्रोल बॉक्समध्ये.

पहिल्या चाचणीत काटा हललाच नाही तर? कार्बन झिजलेत किंवा अडकलेत का, ते जिथे घासतात तो कम्युटेटर काळा पडलाय का, ते पाहावं. तेही ठीक असेल तर विरजणच संपलेलं. मग ते शेजारून, म्हणजे बॅटरीकडून, आणायचं. वायर काढलेल्या एफ टोकाला बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाची तार क्षणभर टेकवायची, दोन-तीनदा. छोटी ठिणगी उडते आणि लोखंड पुन्हा चुंबकत्व धरतं. बहुतेक मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. नवा रेडिओ बसवण्यासाठी कुणी ते उलटवलं, तर ही क्रिया केलीच पाहिजे. नाहीतर डायनॅमो जुन्या दिशेनेच वीज देत राहतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात.

हा कटआउट कंट्रोल बॉक्समध्ये असतो. डायनॅमो साधारण 13 व्होल्टवर आला की तो बॅटरीशी जोडणी करतो, इंजिन मंदावलं की तोडतो. तो नसता तर बॅटरीच उलट डायनॅमोला मोटरसारखं फिरवू लागली असती. बेल्ट काढून ते प्रत्यक्ष बघताही येतं: डी-एफ एकत्र जोडून बॅटरी दिली की डायनॅमो स्वतःच फिरतो. शेजारचा रेग्युलेटर तर सेकंदाला कित्येकदा थरथरत फील्डचा प्रवाह आवरतो. थंडीत बॅटरीला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून त्यात दोन धातूंची पट्टीही असते, हवेच्या तापमानाप्रमाणे वाकणारी. एकही ट्रान्झिस्टर नसताना एवढं शहाणपण!

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही या शोधात साक्षीदार असतो. त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनॅमोकडे. दोन्हीकडचे व्होल्ट जुळले की त्यातून प्रवाह वाहत नाही, म्हणून तो विझतो. इंजिन अगदी हळू चालत असताना तो मिणमिणला तर घाबरू नये. त्या वेगात डायनॅमो फारसं काही देतच नाही.

अल्टरनेटर जास्त वीज देतो, हे खरं. म्हणून पुष्कळ जण जुना डायनॅमो काढून टाकतात. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तो भंगारात देण्याआधी एकदा मीटर लावून बघा. काटा दोन व्होल्टवर आला आणि डी-एफ जोडल्यावर झरझर चढला, तर डायनॅमो बदलायचं कारण नाही.