धोतरातला पुढारी, भूमिहीनांचा कैवारी

परळ, नायगाव, लालबागच्या चाळींत आपल्या कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या. गाव का सुटले, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, तर उत्तर ठरलेले: "पोटापुरती जमीन नव्हती." हे दुखणे ज्यांनी आपल्या राजकारणाचा कणा केला, ते कर्मवीर भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे हे त्यांचे गाव. जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा प्रत्यक्ष लढ्याची धुरा नाशिकला दादासाहेबांच्या खांद्यावर होती. बाबासाहेब मुंबईहून त्यांना पत्रे लिहीत. ती पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. बाबासाहेबांचा या खेड्यातल्या कार्यकर्त्यावर केवढा विश्वास होता, हे त्यांतून कळते.

1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले. 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आणि 1962 मध्ये राज्यसभेवर निवडून आले. दिल्लीला गेले तरी अंगावरचे धोतर सुटले नाही आणि बोलण्यातला गावरान ठसकाही गेला नाही. रिपब्लिकन पक्षात फूट पडली, तेव्हा शिकलेल्या काही मंडळींनी त्यांच्या साधेपणाला नावे ठेवली. परंतु संविधानाची कलमे पाठ असणाऱ्यांइतकीच, उपाशी माणसाच्या दारात बसणाऱ्याचीही चळवळीला गरज असते, हे दादासाहेबांनी कृतीने दाखवले.

1959 मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. 1964 च्या 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, तोच लढा देशभर सुरू झाला. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्यांत कडेवर लेकरू घेतलेल्या आयाबहिणीही होत्या. जमिनीबरोबर किमान वेतनाची आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याचीही मागणी होती. ते तैलचित्र लागायला 1990 साल उजाडले.

1968 मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही तरतूद आहे. मात्र कागदावरची जमीन आपोआप शेतात उतरत नाही. अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, सणासुदीला गावी जाल तेव्हा भावकीतल्या भूमिहीन घराला या योजनेची माहिती द्या आणि समाजकल्याण कार्यालयापर्यंत त्यांच्यासोबत जा. दादासाहेबांची जयंती साजरी करण्याची याहून चांगली रीत कोणती?