यकृतातील विकरे आणि सडपातळ भारतीयांचे आरोग्य

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठी वसलेल्या बागबाजारचे नाव रसगुल्ल्याशी कायमचे जोडले गेले आहे. नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये येथील आपल्या दुकानात स्पंजासारखा मऊ रसगुल्ला तयार केला, असे बंगालमध्ये मानले जाते; 'बांगलार रसगुल्ला' या नावाला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. छेन्याचा गोळा आणि साखरेचा पाक एवढीच त्याची सामग्री. त्यातील साखरेचा प्रत्येक रेणू आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन भागांत विभागला जातो. ग्लुकोज सर्व अवयव वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र यकृतावर पडतो. रसगुल्ला खाणाऱ्याने त्याच दिवशी डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तर तीही आतड्यातून निघून त्याच रक्तवाहिनीने त्याच अवयवात पोहोचते. अन्न आणि औषध यांचा हिशेब समाज वेगळा ठेवतो; यकृत तसा ठेवत नाही. (मराठीत हृदयासाठी रूढ झालेल्या 'काळीज' या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे, ही येथे नोंदवण्याजोगी बाब.)

औषधांचा निचरा

यकृताच्या पेशींतील रासायनिक क्रिया विकरे, म्हणजेच एन्झाइम, घडवून आणतात. अनेक औषधे मेदात विरघळणारी असतात. ती मूत्रावाटे बाहेर जाण्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणावी लागतात. सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे औषधाच्या रेणूत प्राथमिक बदल घडवतात आणि त्यानंतर इतर विकरे त्याला सल्फेट, ग्लुटाथायोन यांसारखे घटक जोडतात. पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग निर्धोकपणे बाहेर पडतो. अल्पसा भाग '२ई१' या विकरामुळे विषारी घटकात रूपांतरित होतो आणि ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. नियमित मद्यपानाने '२ई१' वाढते, तर उपासमारीने ग्लुटाथायोनचा साठा घटतो. त्यामुळे एकास सोसणारी मात्रा दुसऱ्यास घातक ठरू शकते.

क्षयरोगाच्या उपचारांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील '३ए४' हे विकर वाढते; परिणामी गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके लवकर नष्ट होतात आणि केवळ त्या गोळ्यांवर विसंबणाऱ्या स्त्रीला नको असलेली गर्भधारणा होण्याचा धोका उद्भवतो. आयसोनियाझिडचा निचरा करणाऱ्या विकराचा वेग आनुवंशिक असतो. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात वेगवान आणि मंद निचरा करणाऱ्या रुग्णांतील फरकाचा अभ्यास झाला होता. मंद गटातील रुग्णांच्या यकृताला या औषधाची इजा होण्याचा संभव अधिक असतो.

बीरभूमचे निष्कर्ष

औषधांचा निचरा करणारी पेशीच अतिरिक्त साखरेपासून मेदाम्ले बनवते, काही जाळते आणि उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात घालून रक्तात पाठवते. आवक जास्त आणि जावक कमी झाली की मेद पेशीतच साठतो. हा विकार सुखवस्तू, स्थूल आणि मिठाईप्रिय नागरी वर्गाचा, असा समज दीर्घकाळ होता. त्या समजुतीप्रमाणे रुग्ण बागबाजारसारख्या वस्तीत शोधायला हवे होते. कोलकात्याच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. अभिजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण लोकसंख्या तपासली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,९११ व्यक्तींपैकी ८.७ टक्क्यांच्या यकृतात, मद्यपान हे कारण नसताना, मेद आढळला. त्यांतील ७५ टक्क्यांचा शरीरभार निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. ५४ टक्के व्यक्ती तर जादा वजनाच्याही नव्हत्या आणि त्यांचे पोटही सुटलेले नव्हते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाशी हे चित्र जुळते. कमी वजनाच्या भारतीय नवजात बालकांतही स्नायूंच्या तुलनेत चरबीचे प्रमाण जास्त असते, हे त्यांनी पुणे जिल्ह्यातील गावांतून दाखवून दिले. 'सडपातळ पण मेदयुक्त भारतीय' ही संकल्पना त्यातून पुढे आली.

अशा व्यक्तीला ओळखायचे कसे? प्रयोगशाळेच्या अहवालात 'लिव्हर एन्झाइम' म्हणून येणारे आकडे या कामी अपुरे पडतात. एसजीपीटी हे पेशीला इजा झाल्यावर रक्तात झिरपणारे विकर आहे. औषधांचा निचरा करणाऱ्या विकरांची क्षमता त्यातून कळत नाही. बीरभूममध्ये यकृतात मेद असून हे विकरही वाढलेले असल्याचे प्रमाण २.३ टक्के होते. म्हणजे मेद आढळलेल्या चौघांपैकी जवळजवळ तिघांचा रक्ताचा अहवाल निर्दोष दिसला असता. दरम्यान मेदयुक्त यकृतात '३ए४' ची क्रिया मंदावते आणि '२ई१' ची वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. औषधांची वाट आणि मेदाची वाट येथे एकमेकींत गुंततात.

धोरणातील उणीव

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मद्यपानाशी संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. गावपातळीवरील चाळणी मात्र प्रामुख्याने वजन, कमरेचा घेर आणि जोखमीची प्रश्नावली यांवर उभी आहे. मोजपट्टी स्वस्त असते, हे तिचे मोठे बलस्थान. पण बीरभूममधील निम्म्याहून अधिक व्यक्ती वजन आणि घेर या दोन्ही निकषांतून सुटल्या असत्या. प्रत्येक उपकेंद्रात सोनोग्राफी यंत्र बसवणे आजच्या साधनसामग्रीत शक्य नाही आणि सरसकट सर्वांची तपासणी हा खर्चाचा योग्य विनियोगही ठरणार नाही. निवड करावीच लागेल.

ही निवड औषधांच्या बाजूने करता येईल. दीर्घकाळ औषधे घेणारे रुग्ण सरकारी यंत्रणेला आधीच ठाऊक असतात. क्षयरोग आणि मधुमेह यांची परस्पर तपासणी करण्याची राष्ट्रीय चौकट २०१७ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह आढळलेल्या क्षयरुग्णाची, तो कितीही कृश असला तरी, उपचारांच्या आरंभी एकदा सोनोग्राफी करणे, तो मद्य किंवा वेदनाशामके घेतो का याची विचारणा करणे आणि स्त्री रुग्णांना गर्भनिरोधनाचा पर्यायी मार्ग सांगणे, एवढी भर त्याच चौकटीत घालता येईल. त्यासाठी नवी योजना किंवा नवे कर्मचारी लागणार नाहीत. जिल्हा रुग्णालयातील सोनोग्राफी कक्षात या रुग्णांसाठी आठवड्यातील एक वेळ मात्र राखून ठेवावी लागेल.